डाव्या हातावरचा बेडूक

रायपूरची थंडी बेताचीच. नागपूरचे पाहुणे येतात आणि "हिला थंडी म्हणता काय?" म्हणून हसतात. तरी डिसेंबर लागला की तेलीबांध्याच्या तलावावर सकाळी धुकं बसतं, फिरायला येणाऱ्यांच्या कानटोप्या बाहेर निघतात, रस्त्याच्या कडेला तिवऱ्याच्या भाजीचे ढीग लागतात, आणि मला फॉर्मॅलिनचा वास येतो. घरात दुसऱ्या कुणालाच येत नाही. नवरा म्हणतो, तुझं नाक अजून कॉलेजातच आहे. मुलगा मराठी सगळं समजतो पण उत्तर हिंदीतच देतो. "मम्मी, कुछ नहीं आ रहा। आप चाय पियो।" मी चहा पिते. वास येतच राहतो, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडतो.

या वर्षी त्या वासाबरोबर एक प्रश्नही आला. सुलोचनाबाई मेश्राम या बाईंनी तो विचारला. त्यांच्या मुलीचं, प्रज्ञाचं, पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन आमच्या दवाखान्यात झालं आणि तिला भूल मी दिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रज्ञाला बघून बाहेर आले, तर सुलोचनाबाई बाकावर चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. मला बघून उठल्या.

"बाई, एक विचारू का जी? रागावसान तं नाई ना?"

"विचारा ना मावशी."

"माह्या मानसानं आपला देह कालेजले देल्ला व्हता. राज्य नवं झालं ना, त्याच साली. ते गेले अन् मी सही करून देल्ली. लोक लय बोलले मले. जाळलं नाई, पुरलं नाई, बाईनं नवरा देऊन टाकला म्हने. राखबी नाई, आता फूल कोठं वाहशीन? तवापासून मनात हाये. तुमी डाक्टरीन हा म्हनून विचारतो. काई काम पडलं असन का जी त्यायचं?"

टाके काढायला याल तेव्हा सांगते, म्हटलं. हो म्हणून टाकणं सोपं होतं. पण एवढी वर्षं मनात वागवलेल्या प्रश्नाला असं उभ्या उभ्या हो म्हणून वाटेला लावणं मला जमेना. आणि शिवाय, आदल्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीत जे झालं होतं, त्यानं मी आधीच हलले होते. ते सांगेनच. पण त्याआधी तो हिवाळा सांगितला पाहिजे.

राज्य नवं झालं तेव्हा मी डॉक्टरीच्या पहिल्या वर्षाला होते. आम्ही ब्राह्मणपाऱ्यात भाड्यानं राहायचो, देवळाला लागून असलेल्या गल्लीत. बाबा सिंचन खात्यात बाबू. रायपूर राजधानी झाली आणि बाबांची छाती एकाएकी रुंद झाली. "आपन आता राजधानीत रायतो," असं ते गावाकडे फोन करून सांगत. आई विचारायची, "राजधानीत नळाले पानी कवा येनार हाये ते पन विचारा." शहरभर पाट्या रंगवणं चाललं होतं. जुन्या राज्याचं नाव पुसून नवं लिहायचं, आणि रंग पातळ पडला की उन्हात खालचं नाव पुन्हा दिसायचं. जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय बसलं होतं. लाल दिव्याच्या गाड्या आमच्या गल्लीत चुकून शिरायच्या आणि गाय उठेपर्यंत थांबायच्या. कोणतं ऑफिस कुठं आहे ते रिक्षावाल्यांनाही ठाऊक नव्हतं. ते म्हणायचे, "बैठो दीदी, पूछत-पूछत पहुँच जाबो." खरंच पोचायचो.

आमचा शवविच्छेदनाचा हॉल उत्तरेच्या बाजूला होता. खिडक्या उंच, फरशी थंडगार, आणि ऊन कधी आत यायचं नाही. शिकवायला साहू मॅडम होत्या. लहान चणीच्या, केसांना घट्ट तेल लावणाऱ्या, आवाज मात्र हॉलच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा. त्यांची एक रीत होती. ती मी दुसऱ्या कुठल्या कॉलेजात ऐकलेली नाही. रोज काम सुरू करायच्या आधी, हातमोजे घालायच्याही आधी, टेबलावरच्या माणसाचा हात हातात घ्यायचा. प्रत्येकानं, पाळीपाळीनं. "पहले हाथ मिलाओ," त्या म्हणायच्या. "जिससे हाथ नहीं मिलाया, उसका हाथ खोलोगे कैसे?" पहिल्या दिवशी मी इतकी घाबरले होते की रांगेत मुद्दाम सगळ्यात मागे जाऊन उभी राहिले. मग ती माझी जागाच झाली. वर्षभर मी शेवटची.

त्या सालच्या टेबलांवर बहुतेक बेवारस देह होते. रेल्वे स्टेशनवर, धर्मशाळेत, कुठं कुठं गेलेली माणसं. आमच्या टेबलापाशी मात्र मॅडम पहिल्या दिवशी थांबल्या आणि म्हणाल्या, "ये अपनी मर्ज़ी से आए हैं। इस साल ऐसे यही अकेले हैं।" नाव सांगायचा नियम नव्हता. आम्हीही विचारलं नाही. पन्नाशीच्या आसपासचा माणूस, बोटं जाड, तळव्यांना घट्टे. रोज त्या घट्ट्यांवर आमचे मऊ हात पडायचे.

घरी आले की आई दारातूनच ओरडायची, "आधी न्हानीत जा!" साबण, लिंबू, बेसन, सगळं करून झालं तरी देह टिकवायच्या त्या फॉर्मॅलिनचा वास काही जायचा नाही. जेवताना मी चमच्यानं पोळी खायचा प्रयोग केला. तो बघून भाऊ जमिनीवर लोळून हसला. दंडाचं हाड अभ्यासाला घरी आणलं होतं ते आईनं पाहिलं आणि घरमालकाला कळू नये म्हणून गव्हाच्या डब्यामागे दडवलं. मग एका संध्याकाळी बघते तर त्या हाडाला तिनं स्वच्छ धुतलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "कोनाचं तरी हाये ना ते."

डॉक्टरीत पहिला येतो हात. पुस्तकातला हात फार शहाणा असतो. दंडातून एक मोठी धमनी खाली येते, कोपराच्या खळगीत पोचते आणि तिथे तिच्या दोन शाखा होतात. एक अंगठ्याच्या बाजूनं जाते, तिच्यावर आपण नाडी बघतो. दुसरी करंगळीच्या बाजूनं, पण ती लगेच स्नायूंच्या खाली खोल बुडते आणि मनगटापाशी वर येते. कातडीच्या लगेच खाली असतात त्या फक्त शिरा, ज्यांत सुई देतात. शिरा वर, धमन्या खोल. मी हे आंघोळ करतानाही घोकत होते.

आमच्या टेबलावर गजेंद्र नावाचा महासमुंदचा मुलगा होता. हात चपळ, कात्री त्याच्याकडेच. विच्छेदन करताना वरवरच्या शिरा कापून बाजूला करण्याची पद्धत असते, म्हणजे खालचं नीट दिसतं. शेतातलं तण काढतात तसं तो भराभर काढत होता. डाव्या हाताची कातडी उलटली होती आणि कोपराच्या खळगीवरून, करंगळीच्या बाजूनं, एक फिकट दोरी सरळ खाली मनगटाकडे चालली होती. अगदी वरून.

"मैडम, ये नस बीच में आ रही है। निकाल दूँ?"

मॅडम दुसऱ्या टेबलावरून म्हणाल्या, "काटने से पहले दबाओ।"

त्यानं चिमटीत धरून दाबली. शीर असती तर कागदासारखी चपटी झाली असती. ही चपटी होईना. बोट काढलं की पुन्हा गोल. गजेंद्रनं कात्री खाली ठेवली. मॅडम आल्या, वाकल्या, दोरीच्या मागे मागे वर गेल्या. दंडाच्या अर्ध्याहून वर, काखेच्या जवळ, मोठ्या धमनीतून ती वेगळी झाली होती. खाली खोल बुडायचं सोडून ही धमनी सगळ्या स्नायूंच्या वरून, कातडीच्या सावलीत चालत मनगटाला पोचली होती. शिरांच्या रांगेत शीर होऊन उभी होती म्हणा ना. सगळा हॉल आमच्या टेबलाभोवती गोळा झाला.

मला काय वाटलं असेल? आनंद? छे. मला रडू आलं. परीक्षा तोंडावर, पुस्तकातला हात पाठ, आणि आमच्याच वाट्याला हा असा हात. संध्याकाळी घरी तोंड पाडून बसले तर बाबांनी विचारलं, "काहून वो, काय झालं?" मी सगळं सांगितलं. बाबांना धमनीतलं काय कळणार? पण ते कालव्यांच्या खात्यात होते. "अवो," ते म्हणाले, "नकाशात कालवा एक दाखवते, पानी दुसरीकडून जाऊन रायते. मंग काय करतं? पान्यासंग भांडतं का?" आणि पुन्हा पेपर वाचू लागले. मला तेव्हा ते उत्तर मुळीच पटलं नव्हतं.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी नेहमीचा धडा बाजूला ठेवला. आईच्या पोटात बाळाचा हात कोंबासारखा फुटतो, तेव्हा त्यात रक्ताच्या बारीक वाटांचं एक जाळं असतं, त्या सांगू लागल्या. त्यातल्या काही वाटा पुढे वाढतात, काही बुजून जातात. बहुतेकांच्या बाबतीत त्याच त्या वाटा उरतात, म्हणून त्या पुस्तकात आल्या. पण कुणाच्या हातात एखादी बुजायची वाट बुजत नाही. ती तशीच रुळते आणि तिच्यावरून रक्त आयुष्यभर सुखानं जातं. कुणाची धमनी दंडातच दुभंगते, कुणाची कोपराखाली, कुणाला मधोमध तिसरीच एक असते. यात आजार काहीच नाही. धोका आहे तो सुई घेऊन येणाऱ्या परक्या माणसाकडून. "तुम शिरा समझकर इसमें दवा डाल दोगे," त्या म्हणाल्या, "और उँगलियाँ काली पड़ जाएँगी। हाथ जा सकता है।" मग त्यांनी आम्हा प्रत्येकाला नाडी बघायची दोन बोटं वर करायला लावली. "आँख से पहले ये। पट्टा बाँधने से पहले ये। बँधा मिले तो खोलकर ये। पट्टा कसा हो तो धमनी भी चुप हो जाती है।"

ब्राह्मणपाऱ्याच्या गल्ल्यांमधून घरी येताना मी त्या दिवशी पहिल्यांदा वाटांकडे बघितलं. देवळाच्या मागून एक बोळ होता. तो नकाशात कुठंच नव्हता आणि आम्ही सगळे रोज त्यातूनच जायचो.

हिवाळा सरला. हाताचं काम संपलं, मग छाती, पोट, पाय. वर्षाच्या शेवटी मॅडम आम्हाला म्हणाल्या की आता निरोप द्यायचा. आम्ही वर्गणी न काढता, ज्याला जे फूल मिळेल ते आणायचं ठरवलं. गजेंद्रनं घरचा झेंडू आणला, पोतंभर. मी देवळापुढच्या फुलवालीकडून शेवंती आणली. टेबलावर पांढरी चादर होती आणि चादरीवर इतकी फुलं झाली की पांढरं दिसेना.

परीक्षेत मला पुस्तकातलाच हात विचारला गेला आणि मी पास झाले. मग पुढची वर्षं, मग भूलशास्त्र, मग लग्न, मग तेलीबांध्याचं घर. राजधानीही तोवर सरकत सरकत पूर्वेला गेली. नव्या रायपूरचे रस्ते पट्टीनं आखलेले, आणि तिथून परतताना मला अजून ब्राह्मणपाऱ्याच्या बोळाची आठवण होते. माझी दोन बोटं मात्र त्या हिवाळ्यातच राहिली. सुई देण्याआधी ती आपोआप पुढे होतात. माझ्याबरोबरचे हसतात. हिची पूजा चालली, म्हणतात. एवढ्या हातांवर बोटं ठेवली आणि एवढ्या वर्षांत तसा हात मला पुन्हा भेटला नव्हता. पण सवय गेली नाही.

या डिसेंबरात भेटला. प्रज्ञा मेश्राम नव्या रायपूरच्या एका सरकारी कचेरीत टायपिंग करते. आई आणि ती, दोघींचंच घर, आणि घर चालतं ते तिच्या बोटांवर. पोटदुखीनं आधी कुठं कुठं सलाईन लावून झालं होतं, हाताच्या पाठीवर निळे डाग, थंडीनं शिरा आकसलेल्या. माझे नवे सहकारी डॉक्टर नेताम सुई द्यायला बसले होते. हुशार आणि हळुवार हाताचा तरुण. त्यानं डाव्या दंडाला रबरी पट्टा आवळला, कोपराखाली टिचकी मारली आणि खूश झाला.

"मैडम, ये बढ़िया मिल गई। एकदम सीधी।"

खरंच सरळ होती. करंगळीच्या बाजूनं, अगदी वरून. त्यानं बोट लावूनही पाहिलं होतं, काही उडत नव्हतं. त्याची काही चूक नव्हती. कोणीही हेच केलं असतं. मी म्हटलं, "नेताम, ज़रा पट्टा खोलना।" त्यानं सोडला. मी दोन बोटं ठेवली. क्षणभर काहीच नाही. मग बोटांखाली टुक. पुन्हा टुक.

मी त्याची बोटं धरून तिथं ठेवली. त्याच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला. सुई आम्ही दुसऱ्या हाताला दिली आणि त्या जागी पेनानं मोठी फुली मारून ठेवली. ऑपरेशन नीट झालं. बाहेर येऊन मी सुलोचनाबाईंना सगळं सांगितलं, की मुलीच्या हातावर इथे सुई कधीच द्यायची नाही, कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी आधी सांगायचं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसल्याच.

"तो बेंडूक व्हय! तिच्या बाबाच्या हातावरबी उडे ना जी. डाव्याच. घड्याळाच्या वरतं. ते वर्कशापातून येऊन झोपले का मी पाहो, टुकटुक टुकटुक. ही लहानी असतानी बोट ठेवे अन् म्हने, बाबा झोपले, बेंडूक काहून नाई झोपला?"

मी तिथंच बाकावर बसले. अशी वाट बापाकडून लेकीला येतेच, असं पुस्तकं म्हणत नाहीत. येत नाहीच, असंही म्हणत नाहीत. पण डावा हात, घट्ट्यांचे तळवे, वर्कशापातलं काम... देहदानाचं आणि राज्य नवं झालं त्या सालाचं मला अजून कळलं नव्हतं, ते त्यांनी दुसऱ्या दिवशी चहाचा ग्लास धरून विचारलं तेव्हा कळलं. तो प्रश्न ऐकताना माझ्या नाकात तो वास इतका भरला की मला खिडकीपाशी जावं लागलं.

टाके काढायच्या दिवशी आम्ही दवाखान्याच्या मागच्या अंगणात उन्हात बसलो. प्रज्ञा थोडी पलीकडे मोबाईलवर भराभर काहीतरी लिहीत होती, दोन्ही अंगठ्यांनी. मी सुलोचनाबाईंना म्हटलं, "मावशी, खात्रीनं सांगता येणार नाही. नाव आम्हाला सांगत नसत. पण त्या साली आपल्या मर्जीनं आलेले एकच होते, आणि ते आमच्या टेबलावर होते. त्यांच्या डाव्या हातावर हाच बेडूक होता." मग मी सगळं सांगितलं. गजेंद्रची कात्री, मॅडमचं दाबायला लावणं, बाबांचा कालवा, दोन बोटं, आणि चादर झाकून टाकणारी फुलं. "लोक म्हणाले ना, फूल कुठं वाहशील? आम्ही वाहिली, मावशी. आणि तो हात पाहिला नसता तर प्रज्ञाच्या हातावर मी पट्टा सोडून बोट ठेवलं नसतं. तिचा हात त्यांनीच राखला."

त्यांनी प्रज्ञाच्या अंगठ्यांकडे बघितलं. पदरानं नाक पुसलं. मला वाटलं, आता त्या बोलणाऱ्या लोकांबद्दल काही म्हणतील. त्यांनी वेगळंच विचारलं.

"तुमी रोज हात हातात घ्यायचे म्हन्ता. लय थंडा राहे का जी?"

खोटं बोलवेना. "हो मावशी. थंड असायचा. पण आधी एक जण धरायचा, मग दुसरी, मग तिसरा. मी सगळ्यात शेवटी. माझ्यापर्यंत येईतो थोडा ऊन झालेला असायचा."

त्यांनी मान हलवली. माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, त्याच दोन बोटांवरून अंगठा फिरवला, आणि म्हणाल्या, "त्यायले थंडी लय वाजे, बाई. बरं झालं तुमी धरला."